हक्काच्या कामाला पैसा कुठून आणायचा?

पत्र : जय भीम. आमची संस्था नऊ वर्षं पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत वनहक्क दाव्यांचं, म्हणजे कसत असलेली वनजमीन कुटुंबाच्या नावावर व्हावी म्हणून करायच्या अर्जांचं, काम करते. नाशिक शहरातल्या वस्त्यांमध्ये ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांत पीडित कुटुंबांच्या सोबत उभी राहते. चार पूर्णवेळ कार्यकर्ते आहेत, वर्षाचा खर्च साधारण १४ लाख. मुंबईच्या एका ट्रस्टचं तीन वर्षांचं अनुदान येत्या मार्चला संपतंय. आयकर सवलतीची बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदणी आहे, परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नाही. एक सल्लागार भेटले. सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी, मिळवून देतो म्हणतात, त्यासाठी ५० हजार आगाऊ आणि मिळालेल्या रकमेवर दहा टक्के. शिवाय कामाचं नाव बदलून ‘कौशल्य विकास’ लिहा, असा त्यांचा आग्रह आहे. कार्यकारिणीत दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, केसेस सोडा, शिवणवर्ग काढा, त्याला पैसे मिळतात. सल्लागारांना लवकर उत्तर द्यायचं आहे. काय करावं? आमच्यासारख्या कामाला अनुदान कोण देतं? मोर्चे-आंदोलनांमुळे आपल्यावर राजकीय शिक्का बसेल अशीही भीती वाटते. अमेरिकेतला भाचा देणगी द्यायला तयार आहे, ती घ्यावी का? दोन विश्वस्त नव्यानं आले आहेत. अर्जाचा मसुदा आणि कामाचा अहवाल सोबत जोडला आहे.
— एक कार्यकर्ती, नाशिक

उत्तर :

ताई, जय भीम.

आधी त्या सल्लागारांचं बोलते, कारण त्यांना उत्तर द्यायला तुमच्याकडे फार दिवस नाहीत असं पत्रावरून दिसतं. पैसे देऊ नका. सीएसआरचा निधी घ्यायला संस्थेचा स्वतःचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तुमच्याच विश्वस्तांच्या डिजिटल सहीनं आणि सीएच्या प्रमाणपत्रावर मिळतो, आणि कंपनीचे पैसे थेट संस्थेच्या खात्यात जमा होतात. मध्ये कुणी बसण्याची गरजच नाही. प्रस्ताव लिहून देणाऱ्याला ठरवून मेहनताना दिला तर त्यात काही वावगं नाही. पण ‘निधी आणून देतो’ म्हणत आगाऊ रक्कम आणि वर टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. अशांपैकी काही जण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आणखी एक गोष्ट काढतात : कंपनी एक कोटीचा चेक देईल, साठ लाख रोखीनं परत करायचे. उद्या चौकशी झाली तर कागदावर सह्या विश्वस्तांच्या असतात, मध्यस्थाचं नाव कुठेच नसतं. तुमच्या कामाचं स्वरूप पाहता गावोगावचे बडे लोक तुमच्या हिशेबातली फट शोधतच असणार. ती त्यांच्या हाती देऊ नका.

नाव बदलण्याचंही तेच. ‘कौशल्य विकास’ म्हणून पैसे घेतले की वर्षाअखेरीस प्रशिक्षणार्थींची यादी, हजेरीपट आणि पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले असं विनियोग प्रमाणपत्र द्यावं लागतं. तुम्ही वनहक्काचं काम केलं आणि शिवणाचे कागद जोडले, तर ती फसवणूक झाली. खरोखर शिवणवर्ग काढले, तर चार कार्यकर्त्यांचा दिवस त्यातच जाईल आणि पेठचे दावे पडून राहतील.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंय, अनुदान कोण देतं. ती नावं खाली देते. पण त्याआधी माझं स्पष्ट मत सांगते : हक्काचं काम करणाऱ्या संस्थेनं सगळा खर्च अनुदानावर टाकू नये. अनुदान ठरावीक तुकड्यांसाठी घ्यावं. दाव्यांची मोजणी, कायद्याची प्रशिक्षणं, ग्रामसभांच्या बैठका, माहितीचं संकलन, हे सगळं अनुदानातून होतं आणि व्हावं. पण मारहाण झालेल्या कुटुंबाबरोबर रात्री पोलीस ठाण्यात बसणारी कार्यकर्ती आणि तिचं मानधन कुणाच्या मंजुरीवर अवलंबून असू नये. कारण ज्या दिवशी प्रकरण तापतं आणि कुणा आमदाराचा फोन येतो, त्या दिवशी देणगीदाराचे पाय डगमगू शकतात. ते तुमच्या हातात नसतं. तो खर्च लोकांच्या पैशावर उभा करा.

त्याहीआधी, खर्चातला काही भाग तुमचा नाहीच. तुमच्या मसुद्याच्या अंदाजपत्रकात ‘पीडित व साक्षीदार प्रवास’ आणि ‘वकील फी’ अशा दोन ओळी आहेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५ चा नियम ११ काढून वाचा. पीडित, त्यांच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार यांना तपासासाठी आणि खटल्यासाठी येण्या-जाण्याचं भाडं, दैनिक भत्ता आणि निर्वाह खर्च देणं ही शासनाची जबाबदारी आहे. तारीख पडली की आपण खिशातून एसटीचं भाडं देतो, साक्षीदार येतो, काम भागतं आणि हा हक्क कुणी मागतच नाही. यापुढे प्रत्येक तारखेनंतर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाही मिळालं, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीपुढे विषय न्या. हे तुमच्या संघर्षाचंच काम आहे.

वकिलाचंही तसंच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना, मुलांना, कोठडीतल्या माणसांना मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला किंवा बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. प्राधिकरणाच्या यादीतला (पॅनेलवरचा) वकील मन लावून काम करेलच असं नाही, म्हणून आपला एक विश्वासाचा वकील हवा हे मला मान्य आहे. पण सगळ्या प्रकरणांचा भार त्याच्यावर नको. तुमच्या चारपैकी दोघांनी विधी स्वयंसेवक म्हणूनही अर्ज करावा. कामाच्या दिवसांचं मानधन मिळतं आणि कोर्टाच्या कचेरीत ओळख होते.

आता लोकांचा पैसा. हा विषय निघाला की कार्यकर्ते म्हणतात, आमचे लोक गरीब आहेत. पेठ-सुरगाण्यातले आहेत. पण नाशिक रोडला नोटांचा आणि मुद्रांकांचा छापखाना आहे, एकलहऱ्याचं वीज केंद्र आहे, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे, रेल्वे आहे, महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. तिथं आरक्षणामुळे, शिक्षणामुळे घरातली पहिली पगारदार पिढी उभी राहिली, आता दुसरी आली. ‘पे बॅक टू सोसायटी’ हा शब्द त्या घरांमध्ये रोजचा आहे. चौदा एप्रिलला ही माणसं हजारोंनी खर्च करतात. त्यांच्यापुढे हिशेब घेऊन, तोंड उघडून दरमहा दोनशे रुपये मागायला कुणी जात नाही. तीनशे माणसांनी दरमहा दोनशे दिले तर वर्षाला सात लाख वीस हजार होतात, म्हणजे तुमचा निम्मा खर्च. तीनशे एका वर्षात होणार नाहीत. शंभर होतील, आणि तेवढ्यात दोन कार्यकर्त्यांची चूल चालेल.

हे मागताना ऐंशी-जीच्या सवलतीवर भर देऊ नका. नव्या कर प्रणालीत ती वजावट मिळत नाही आणि आता बरेच नोकरदार नव्या प्रणालीत गेलेत. पावती चोख द्या, दोन हजारांवरची रक्कम रोखीनं घेऊ नका, आणि दर तीन महिन्यांनी एका पानावर काय झालं ते कळवा. कोणता दावा मंजूर झाला, कोणत्या खटल्यात आरोपपत्र दाखल झालं, किती पैसे कुठे गेले. बँकेला स्थायी सूचना दिलेले दोनशे रुपये माणूस वर्षानुवर्षं देतो, फक्त त्याला विसरू नका.

या वाटेचा आपल्याकडे जुना दाखला आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींनी नाटकाचे प्रयोग करून, लोकांकडून पैसे गोळा करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, तो पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणून. महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांच्या पोटाचा विचार महाराष्ट्रातल्याच लोकांनी केला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. तुमच्यातल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांनी तिथं जरूर विचारणा करावी. कोरो इंडिया या संस्थेची तळागाळातल्या कार्यकर्त्यांसाठीची नेतृत्वविकास फेलोशिपही पाहा. दोन्हींमध्ये पाठबळ व्यक्तीला मिळतं, आणि तुमच्या संस्थेची अडचण नेमकी मानधनाचीच आहे.

आता देशातले अनुदान देणारे. एफसीआरए नसल्यानं तुम्हाला भारतीय पैसा देणाऱ्यांकडेच जायचं आहे, आणि ते थोडे का होईना पण आहेत. बंगळुरूचं अझीम प्रेमजी फाउंडेशन दुर्बल घटकांबरोबर काम करणाऱ्या संस्थांना अनेक वर्षांसाठी अनुदान देतं. रोहिणी निलेकणी फिलान्थ्रॉपीजनं न्यायापर्यंत पोहोचण्याच्या विषयात बरंच पाठबळ दिलं आहे. मुंबईच्या ‘दसरा’ या संस्थेचा रिबिल्ड इंडिया फंड समाजाच्या आतून उभ्या राहिलेल्या छोट्या संस्थांसाठी आहे. तुमच्या संस्थेचं नेतृत्व दलित-आदिवासी कार्यकर्त्यांचं आहे, ते तिथं ठळकपणे सांगा. मुलांच्या शाळेशी आणि सुरक्षिततेशी जोडलेलं काम असेल तर मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या क्राय या संस्थेकडे जा. टाटा ट्रस्ट्सकडे वनहक्कानंतरची उपजीविका या बाजूनं जाता येईल. सगळीकडे एकच अर्ज पाठवू नका. त्यांनी आधी कुणाला, कशासाठी दिलं ते वाचा, तशाच एखाद्या संस्थेला फोन करा, अनुभव विचारा. आपल्या क्षेत्रातली माणसं सांगतात.

कागदांचं थोडक्यात. बारा-ए आणि ऐंशी-जी २०२१ नंतर कायमची राहिलेली नाही. पाच वर्षांची मुदत असते, छोट्या संस्थांना बारा-एबी (बारा-एचं आताचं रूप) नोंदणीत आता दहा वर्षं मिळू शकतात. तुमची कधी संपते ते आजच बघा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, ते सीएकडून समजून घ्या. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी असावी. आणि धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे संस्थेची आणि विश्वस्तांची नोंद असलेला, ताजा उतारा काढा. हे मी आग्रहानं सांगते, कारण अर्ज अडतो तो बहुतेक वेळा इथं. विश्वस्त बदलले, एखादे वारले, ठराव झाला, पण बदल अर्ज दाखलच केला नाही किंवा तो सुनावणीत पडून आहे, आणि उताऱ्यावर जुनीच नावं. देणगीदाराचा माणूस ते पाहतो आणि फाइल बाजूला ठेवतो. तुमच्या पत्रात दोन विश्वस्त ‘नव्यानं आले’ असा उल्लेख आहे. त्यांचा बदल अर्ज झाला का? बदलानंतर ९० दिवसांत तो करायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीच्या अर्जासह दाखल करा.

सीएसआरकडे पाठ फिरवू नका, पण अपेक्षा बेतानं ठेवा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात. कशावर, ते अनुसूची सातमध्ये दिलंय, आणि त्यात स्त्री-पुरुष समानतेबरोबरच सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास घटकांना सोसावी लागणारी विषमता कमी करण्याचे उपाय हे शब्द आहेत. तुमचं काम या ओळीत बसतं. नाव बदलायची गरज नाही, अर्जात ही ओळ उद्धृत करा. खटल्यांसाठी कंपनी पैसे देणार नाही, हे मात्र धरून चाला. वनपट्टा मिळालेल्या कुटुंबांची जमीन सुधारणा, पाणी, ग्रामसभेचं व्यवस्थापन यासाठी देईल. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जिल्हानिहाय खर्च दिसतो. नाशिक जिल्ह्यात कोणती कंपनी कशावर खर्च करते ते पाहून मगच सातपूर-अंबडच्या कारखान्यांत एचआरवाल्यांना भेटा. निर्णय बहुधा मुख्य कार्यालयात होतो, पण इथल्या माणसाची शिफारस लागते. मार्चमध्ये जाऊ नका, तेव्हा ते वर्ष संपवत असतात. नवं आर्थिक वर्ष लागताना आराखडे ठरतात, त्याच्या आधी त्यांच्या टेबलावर तुमचं दोन पानी टिपण असावं.

आणि एक सुचवते. २०२७ च्या सिंहस्थामुळे नाशिकच्या कंपन्यांचं आणि प्रशासनाचं लक्ष घाटांवर आणि स्वच्छतेवर राहणार आहे. ती स्वच्छता करणारी माणसं तुमच्याच वस्त्यांतली असतील. कंत्राटी सफाई कामगारांना किमान वेतन, हातमोजे-बूट, विमा, पिण्याचं पाणी मिळतं का, आणि हातानं मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचं पालन होतं का, यावर देखरेख आणि मदत असा प्रस्ताव आत्ताच तयार करा. शिवणवर्ग मागणाऱ्या सदस्यांनाही यात ‘मिळणारा पैसा’ दिसेल, आणि काम हक्काचंच राहील.

आता तुमचा मसुदा. पहिलं वाक्य असं आहे : ‘वंचित घटकांमध्ये त्यांच्या हक्कांविषयी जनजागृती करून त्यांचे सर्वांगीण सक्षमीकरण करणे.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थेचं असू शकतं. वाचणाऱ्याला तुमचा पत्ता लागत नाही. तुमच्याच अहवालाच्या सहाव्या पानावर खरं काम दडलंय. तिथलं उचलून मी असं लिहीन : ‘पेठ तालुक्यातल्या ११ गावांत आम्ही २४० वैयक्तिक वनहक्क दावे भरले. त्यातले ९० उपविभागीय समितीनं पुरावा अपुरा म्हणून परत पाठवले. येत्या १२ महिन्यांत या ९० दाव्यांना वडीलधाऱ्यांचे जबाब, जुन्या दंडाच्या पावत्या आणि जीपीएस मोजणी जोडून ते पुन्हा दाखल करू.’ मग खाली खर्च. एका दाव्यामागे मोजणीला किती, झेरॉक्स आणि नकलांना किती, कार्यकर्त्याचे किती दिवस, पेठला किती फेऱ्या. देणगीदाराला कळतं की इतक्या रुपयांत एका कुटुंबाची जमीन त्यांच्या नावावर व्हायची शक्यता उभी राहते. ‘मिळवून देऊ’ असं मात्र लिहू नका. निर्णय जिल्हास्तरीय समितीचा असतो, आपल्या हातात पाठपुरावा आहे.

त्याच अंदाजपत्रकात तुम्ही कार्यालय भाडं आणि हिशेबनिसाचा पगार लिहिलेलाच नाही. लाजू नका, लिहा. ते न लिहिल्यानं तीन वर्षांत तुमची गंगाजळी शून्य राहिली. सीएसआरमधली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. कुणी ती तुमच्यावर लादली तर नम्रपणे दाखवून द्या.

एफसीआरएबद्दल : किमान तीन वर्षं काम आणि त्या तीन वर्षांत १५ लाख खर्च ही अट तुम्ही पुरी करता. तरी यंदा त्यामागे लागू नका. मंजुरी कधी मिळेल ते आपल्या हाती नाही आणि मार्चची अडचण त्यानं सुटणार नाही. मिळालीच तर दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं, वेगळे हिशेब, प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा, दरवर्षी वेगळं विवरणपत्र. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला परदेशी निधी छोट्या संस्थेकडे वळवताही येत नाही, म्हणजे कुणाच्या नोंदणीच्या आडोशानं घ्यायचा मार्गही बंद आहे. मोर्चे-आंदोलनांमुळे आपल्यावर राजकीय शिक्का बसेल ही भीती तुम्ही लिहिलीत. राजकीय उद्दिष्ट नसताना लोकांच्या प्रश्नावर बंद-हरताळासारख्या मार्गांनी पाठिंबा दिला म्हणून संस्था राजकीय ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये इन्साफ या संस्थेच्या प्रकरणात म्हटलंय. निकालाची प्रत जवळ ठेवा. आणि अमेरिकेतल्या भाच्याकडून देणगी घेण्याआधी त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर चालतं. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो परदेशी स्रोत ठरतो आणि शंभर रुपयेही घेता येत नाहीत.

कार्यकारिणीपुढे मार्चपर्यंतचा आराखडा असा मांडा : दोन देशी फाउंडेशनना अर्ज, शंभर मासिक देणगीदार, एक सिंहस्थाचा प्रस्ताव, नियम ११ खालचे प्रलंबित भत्ते. सध्याच्या मुंबईच्या ट्रस्टला आजच पत्र लिहून सहा महिन्यांची मुदतवाढ मागा. पैसे शिल्लक असतील तर ते बहुतेक वेळा जादा पैसे न देता नुसती मुदत वाढवून देतात, आणि दुसऱ्या देणगीदाराला लिहायला एक शिफारसपत्रही.

शेवटची गोष्ट निकडीची आहे. मसुद्याच्या चौथ्या पानावर अल्पवयीन मुलीच्या प्रकरणाची माहिती देताना गावाचं नाव, वडिलांचं आडनाव आणि घरासमोरचा फोटो आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आणि बाल न्याय कायदा, दोन्ही तिची ओळख उघड करायला मनाई करतात, आणि देणगीदाराला पाठवलेली पीडीएफ पुढे किती हातांत जाईल ते कुणी सांगू शकत नाही. ते पान आजच काढा. मसुदा आधीच कुणाला गेला असेल, तर फोन करून ती प्रत पुसायला सांगा आणि तसं ईमेलवर लेखी मागून घ्या.